हिमरूचा माग आणि उंच चाकांची मोटार

१/१४
उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकाकडे जाताना एखादी ठेंगणी स्पोर्ट्स कार क्वचितच नजरेस पडते. पडलीच, तर गतिरोधकापाशी ती तिरकी होते आणि एकेक चाक जपत पुढे सरकते. जमिनीपासून तिचे पोट वीतभरही उंच नसते. तिच्यामागची एसयूव्ही तोच अडथळा विनासायास ओलांडून जाते. एका मोठ्या वादाचे मूळ या साध्या दृश्यात आहे.

२/१४
ज्यांची कीर्ती वेगवान, हलक्या आणि महागड्या मोटारींवर उभी राहिली, त्या कंपन्यांनी उंच, अवजड एसयूव्ही बनवाव्यात का? विरोधकांच्या मते हा कुळाला लागलेला बट्टा आहे; समर्थकांच्या मते ती पोटाची गरज आहे. उत्तर सहसा जर्मनीत किंवा इटलीत शोधले जाते. त्याचा एक जुना दाखला मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विणकरांच्या मागावर आहे.

३/१४
या शहराला महागड्या मोटारींचे अप्रूप नवे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकदम १५० मर्सिडीज-बेंझ खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. पण शहर केवळ गिऱ्हाईक नाही. जालना रस्त्याने चिकलठाणा ओलांडल्यावर शेंद्रा येते. तेथील स्कोडाच्या कारखान्यातून २००१ पासून मोटारी बाहेर पडत आहेत.

४/१४
याच कारखान्यात ऑडीच्या क्यू७ या एसयूव्हीचीही जुळणी होते. सध्याच्या क्यू७चा मूळ सांगाडा ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातली पोर्शेची कायेन, बेंटलीची बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनीची उरुस. हे नाव ऐकून येथल्या माणसाला खुलताबादचा उरूस आठवावा. प्रत्यक्षात ते नामशेष झालेल्या रानबैलाचे आहे. ज्या गाड्यांवरून जगभर वाद चालतो, त्यांच्या भावंडाचे नट-बोल्ट शेंद्र्यात आवळले जातात.

५/१४
आता कुळाच्या शुद्धतेचा दावा पाहू. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा मांडला. स्पोर्ट्स कारची कंपनी निघाली १९६३ मध्ये. १९८६ मध्ये त्याच कंपनीने एलएम००२ ही धिप्पाड गाडी आणली आणि तिच्यात काउंटाश या स्पोर्ट्स कारचे बारा सिलिंडरचे इंजिन बसवले. अशा सुमारे ३०० गाड्या बनल्या. म्हणजे उरुसच्या आधीही या घराण्यात उंच चाके होतीच.

६/१४
पोर्शेचेही तसेच. १९५० च्या दशकात जर्मन शेतांतून पोर्शेच्या नावाचे लाल ट्रॅक्टर चालत असत. १९८४ आणि १९८६ मध्ये पोर्शेच्या गाड्यांनी पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी विक्री इतकी घसरली की कंपनीच्या स्वतंत्र अस्तित्वावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. बॉक्सस्टरने तिला सावरले. २००२ मध्ये आलेल्या कायेनने तिला श्रीमंत केले.

७/१४
कायेन आली तेव्हा पोर्शेचे जुने चाहते संतापले होते. डिसेंबर २०२० मध्ये दहा लाखावी कायेन कारखान्याबाहेर पडली. २०२३ मध्ये पोर्शेने जगभर सुमारे ३,२०,००० गाड्या ग्राहकांना दिल्या. त्यांत कायेन आणि तिची धाकटी बहीण मकान मिळून सुमारे १,७५,००० होत्या. जिच्यावर सारी कीर्ती उभी, ती ९११ मात्र सुमारे ५०,०००.

८/१४
लॅम्बोर्गिनीने २०१७ मध्ये ३,८१५ गाड्या विकल्या. उरुसची विक्री सुरू झाल्यावर २०१९ मध्ये हाच आकडा ८,२०५ वर गेला. फेरारीने बराच काळ एसयूव्हीला ठाम नकार दिला. २०२२ मध्ये तिनेही चार दारांची पुरोसांग्वे आणली, पण तिला एसयूव्ही म्हणणे टाळले आणि एकूण उत्पादनात तिचा वाटा एक-पंचमांशाच्या आत ठेवण्याचे ठरवले. ‘पुरोसांग्वे’ या इटालियन शब्दाचा अर्थ अस्सल रक्ताची. शंका जेथे सर्वाधिक, तेथेच शुद्धतेची ग्वाही नावातून द्यावी लागली.

९/१४
विरोधकांचा मुद्दा तरीही पोकळ नाही. स्पोर्ट्स कारचे मर्म हलकेपणात असते. ब्रिटनच्या लोटस कंपनीने हलकेपणा हाच धर्म मानला. तिची १९९६ ची एलीझ सुमारे ७२५ किलोची होती. त्याच कंपनीच्या एलेट्रे या विद्युत एसयूव्हीचे वजन सुमारे अडीच टन आहे. एका एलेट्रेच्या वजनात तीन एलीझ मावतात. येथे नुसती उंची बदललेली नाही, विचार बदललेला आहे.

१०/१४
आता हिमरूकडे वळू. किनखाब हे रेशमावर सोन्या-चांदीच्या जरीचे विणकाम; दरबाराचे, मूठभरांचे वस्त्र. हिमरूत जर नसते. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी उठवलेली असते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा हे विणकर दक्षिणेत आले, असे परंपरा सांगते. ‘हिमरू’ या नावाचा संबंध ‘सारखे दिसणारे’ अशा अर्थाच्या फारसी शब्दाशी जोडला जातो.

११/१४
म्हणजे हिमरू ही मुळातच तडजोड होती. किनखाबाची शोभा राखून ते वापराला सुसह्य आणि खिशाला परवडणारे करण्याची. किनखाबाच्या एखाद्या अभिमान्याने तेव्हा नाक मुरडले असेल, अशी कल्पना सहज करता येते. पुढे हैदराबादच्या निजामांच्या काळात हिमरूची शेरवानी प्रतिष्ठेची खूण ठरली. आज तेच हिमरू शहराचा वारसा म्हणून मिरवले जाते. कालची तडजोड आज परंपरा झाली आहे. शुद्धतेच्या पुजाऱ्यांनी हे विसरू नये.

१२/१४
पण हिमरूची कथा येथे संपत नाही. पुढे हिमरूचीही नक्कल झाली. आज हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक शाली यंत्रमागावर विणलेल्या असतात. त्या विकून झालेला नफा हातमागावर बसलेल्या विणकराकडे परतला नाही. तो दुसऱ्याच हातात गेला. नाव विणकराच्या पिढ्यांनी कमावले, किंमत इतरांनी वसूल केली आणि हातमाग मोजके उरले.

१३/१४
पोर्शेचे वेगळेपण येथेच दिसते. कायेनसाठी लाइपझिगला कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्यात २००३ पासून कॅरेरा जीटी ही दहा सिलिंडरची अस्सल स्पोर्ट्स कारही बनू लागली. शेजारी-शेजारी दोन माग. एकावर रोजचे कापड, दुसऱ्यावर किनखाब, आणि दोन्हींचा मालक एकच. म्हणून ९११ आजही जिवंत आहे, तिच्या काही आवृत्त्या आजही हाताने गिअर बदलणाऱ्या चालकासाठी बनतात. नक्कल आणि मूळ यांची तिजोरी एक असली, तर नक्कल मुळाला पोसते. तिजोऱ्या वेगळ्या झाल्या की ती त्याला खाते.

१४/१४
तेव्हा एसयूव्ही बनवावी का, याचे उत्तर होय असेच आहे. मात्र एका अटीवर. तिचा पैसा जुन्या मागापर्यंत पोहोचला पाहिजे. ज्या वर्षी एखादी कंपनी हलकी, ठेंगणी, तोट्याची गाडी बंद करून केवळ उंच गाड्याच विकू लागेल, त्या वर्षी तिच्या बोधचिन्हाची यंत्रमागावरची शाल झालेली असेल. शेंद्र्यातल्या कामगाराची भाकरी आज या उंच गाड्यांवर आहे आणि ती मानाची भाकरी आहे. त्याच शहरातल्या हिमरूच्या विणकराला मात्र त्याच्या नावावर कमावलेला पैसा कधी परत मिळाला नाही. उस्मानपुऱ्याच्या गतिरोधकावर तिरकी होऊन जाणारी ती ठेंगणी गाडी गैरसोयीची खरीच. पण मागे उभ्या असलेल्या उंच गाडीच्या नावाला जी किंमत आहे, ती याच गैरसोयीने मिळवून दिलेली आहे.