फाइलचा धर्मकाटा

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या वजनावरून वाद झाला, तर आवाज चढवून तो मिटत नाही. गाडी दुसऱ्या धर्मकाट्यावर न्यावी लागते. काटा कुणाच्या बाजूचा नसतो, म्हणून शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्याचं ऐकतात. संगणकाच्या कामातही असे काटे असतात.

९ डिसेंबर २०२३ ला डेबियन १२.३ येणार होतं, ते ऐनवेळी थांबवलं. त्यातल्या लिनक्स कर्नल ६.१.६४ मुळे ईएक्सटी४ फाइल सिस्टीमवरचा डेटा खराब होण्याचा धोका होता. अकोल्यात माझ्या खालाच्या मुलाने कब्रस्तानचं जुनं रजिस्टर स्कॅन करून डेबियनच्याच मशीनवर ठेवलं आहे. मूळ रजिस्टर वाळवीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "भाईजान, अपडेट तर मी मारून बसलो. गेलं का सगळं?"

अंदाजाने उत्तर देण्यात अर्थ नव्हता. अमरावतीत घरच्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, त्यात ६.१.६४ कर्नल टाकला आणि लिनक्स टेस्ट प्रोजेक्टची 'पी-रीड-व्ही ०३' ही चाचणी चालवली. हा चाचणीसंच फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावा. चाचणी साधी आहे. डायरेक्ट आयओने फाइलच्या पहिल्या तुकड्यात सगळे 'ए' लिहायचे, पुढच्यात 'बी', आणि मग परत वाचायचं. ईएक्सटी४ वर 'ए'च्या जागी 'बी' निघाला. एक्सएफएसवर सगळं ठीक. डिस्क तीच, कर्नल तोच, म्हणजे शोध ईएक्सटी४ च्या वाटेपुरता उरला.

हीच चाचणी ६.१.६४ च्या प्रकाशनाआधीच्या तपासणीत नापास झाली होती. कारण यान कारा या कर्नल डेव्हलपरने सांगितलं. ईएक्सटी४ मधली एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून ६.१ मध्ये आणली गेली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो मागेच राहिला. त्यामुळे लिहून झाल्यावर फाइलमधली खूण पुढे सरकत नव्हती आणि पुढचं लिखाण आधीच्यावर पडत होतं. दुरुस्ती स्वतः चूक नव्हती, तिची जोडी तुटली होती. राहिलेला बदल ६.१.६६ मध्ये आला. तो कर्नल घेऊन १० डिसेंबरला डेबियन १२.४ निघालं. माझ्याकडेही त्यावर चाचणी पास झाली.

नुसतं "माझी फाइल बिघडली" म्हटलं, तर समोरचा म्हणतो, तुझी डिस्क जुनी असेल. चाचणीचं नाव आणि कर्नलचा आकडा दिला, की त्याला स्वतःच्या मशीनवर तेच बघता येतं. मग तुम्ही कोण, कुठले, इंग्रजी कशी, हे कुणी विचारत नाही. आपल्या मुलांनी तक्रार करण्याची ही रीत शिकावी.

भावाला सांगितलं, की स्कॅनच्या फाइली नेहमीच्या पद्धतीने लिहिल्या जातात. डायरेक्ट आयओ बहुतेक डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन वापरतात. तरी १२.४ घे, रजिस्टरचं पानन् पान उघडून बघ, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर माझ्याकडे अमरावतीला पाठव.