बोटं उमटत नाहीत

तळहाताला स्वतःचं तेल नसतं. शरीरावर जवळपास सगळीकडे तेलग्रंथी असतात, तळहात आणि तळपाय सोडून. हाताच्या पाठीवर त्या असतात, पण वय वाढतं तसं त्यांचं काम मंदावतं. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर अधिकच. त्वचा पातळ होते, तिच्या खालचा आधार सैल पडतो, जरा कुठे आपटलं की जांभळा डाग उठतो. म्हातारे हात असे होतात. जामसंड्यातल्या हातांची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही.

आमच्याकडे आंबा आणि काजू. दोन्ही बिब्ब्याच्या कुळातले, आणि चीक हा या कुळाचा गुणच. हापूस देठासकट उतरवतात, तो चिकाचा डाग फळावर पडू नये म्हणून. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' तयार केला. फळाच्या सालीची अशी निगा राखली जाते. हाताच्या सालीचं ज्याचं त्याने बघायचं. काजू तर त्याहून जहाल. ओली बी चिरून गर काढताना तिच्या कवचातलं तेल बोटांना लागतं आणि कातडी काळी पडून सालपटते. आईने पन्नासेक वर्षं दर हंगामात ओले काजूगर काढले. आधी हाताला खोबरेल, मध्ये मध्ये चुलीतली राख, एवढंच संरक्षण.

बाबा शिक्षक होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागलं, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणं आलं. 2014 पासून हा दाखला बोटाच्या ठशावरही मिळतो. दोन वर्षांपूर्वी तिने यंत्रावर दहाही बोटं टेकवून पाहिली. पुसून, ओलसर करून, पुन्हा. शेवटी समोरचा मुलगा म्हणाला, "आजी, तुमची बोटं उमटत नाहीत."

आई म्हणाली, "मी हयसर उभी आसय मां? मगे आणि कसलो दाखलो व्हयो?"

मुलगा हसला. आई हसली नाही. ते पैसे तिचे स्वतःचे होते. औषधासाठी मुलांपुढे हात पसरायचा नाही, एवढी सोय त्यातून व्हायची.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच उमटतात. वरवरची कातडी गेली तर त्या पुन्हा तशाच येतात, कारण त्यांचा साचा खालच्या थरात असतो. पण वर्षानुवर्षं घासून, भाजून, कोरडं पडून त्या सपाट होतात, आणि म्हातारपणी त्वचेला पूर्वीची उभारीही राहत नाही. आईचा दाखला अखेर चेहऱ्यावरून झाला. ती सोय 2021 मध्ये आली. माझ्या फोनपुढे तिने डोळ्यांची उघडझाप केली, आणि सरकारदरबारी ती पुन्हा हयात झाली.

त्यानंतर मी तिच्या हातांकडे नीट लक्ष देऊ लागले. भांड्यांना कडकडीत पाणी नको, कोमट घ्यायचं. धुतल्यावर हात टिपायचे, आणि ओलावा आहे तोवरच काहीतरी लावायचं, म्हणजे तो आत अडकून राहतो. तळहातासाठी डॉक्टरांनी युरिया असलेलं मलम दिलं आहे. आईचा विश्वास कोकमतेलावर. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं थिजतं. किंचित गरम करून चोळलं की भेगांत उतरतं. रात्री दोन्ही चालतं. आधी तिचं, मग माझं.

रबरी हातमोजे मात्र तिने दोन दिवसांत काढून ठेवले. बी कुठे चिरायची, गर कुठे सुटतो, हे मोज्यातून कळत नाही म्हणते. यंत्राला तिची बोटं वाचता येत नसतील, तिच्या बोटांना अजून सगळं वाचता येतं. म्हणून आता हंगामात आधी मीच तिच्या हातांना तेल चोपडते, जाडसर, अगदी नखांच्या कडांपर्यंत.