पूर्णेचा जमाखर्च

नदी पाहावयाची तर पावसाळा नुकताच सरल्यावर पाहावी, असें आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींचें सांगणें असे. त्याप्रमाणें गेल्या आश्विनांत आम्ही घरचीं चार माणसें जाफराबादेस गेलों. बरोबर आमची थोरली बहीण आक्का, पाटबंधाऱ्यांच्या कामांत हयात घालविलेले आमचे मेहुणे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षांत असलेला त्यांचा चिरंजीव, अशी मंडळी होती. जालन्याहून निघून वाटेंत राजूरच्या गणपतीचें दर्शन घेतलें आणि भोकरदनवरून केळनेचें खोरें धरून पुढें निघालों. दोहों बाजूंस काळी जमीन, कापसाचीं बोंडें फुटूं लागलेलीं आणि खळ्यांत सोयाबीनची मळणी चाललेली.

जाफराबाद हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. औरंगजेबाच्या काळीं येथील जहागीर ज्या जाफरखानाकडे होती, त्याचें नांव गांवास मिळालें. जुन्या गॅझेटियरांत येथील तटबंदीची, गढीची आणि गढींतील हौदाची नोंद सांपडते. परंतु आमच्या मतें गांवाचें खरें वैभव म्हणजे केळना व पूर्णा यांचा संगम. अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावलेली पूर्णा येथें केळनेस पोटाशीं घेते, पुढें बुलढाणा, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांच्या मुलखांतून वाहत जाऊन शेवटीं पूर्णा गांवाजवळ गोदावरीस मिळते.

संगमावर पोहोंचलों तेव्हां पाणी भरपूर होतें. तें पाहून आमच्या भाच्याच्या अंगांत उत्साह संचारला. वाळूंत काडीनें आंकडे मांडीत तो म्हणाला, “मामा, सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खालीं पडलें, तर त्यांत पावणेदहा किलोवॉटांवर शक्ति असते. येथें पांच मीटर उंचीचा बंधारा घातला आणि दहा घनमीटर प्रवाह धरला, तर यंत्रांतील घट वजा जातां ४०० किलोवॉटांच्या आसपास वीज मिळेल. धूर नाहीं, राख नाहीं, कोणाचें गांव बुडत नाहीं!”

आक्का तांब्यांत पाणी भरून घेत होती. ती म्हणाली, “आणि तुझा हा हिशेब वैशाखांत कितीचा भरेल रे?”

मुलानें वडिलांकडे पाहिलें. मेहुणे शांतपणें म्हणाले, “शून्याचा.”

“मग वीज होणार नाहीं त्या महिन्यांत ती भिंत उठून कांठावर जाऊन बसणार आहे काय?” असें म्हणून आक्का तांब्या घेऊन वर गेली. भाचा कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें वाळूंतील आंकडे पुसलेहि नाहींत. “उद्यां आपण नदीबरोबर खालीं जाऊं,” मेहुणे म्हणाले. “तुझ्या प्रश्नाचें उत्तर तेथें बांधून ठेवलेलें आहे.”

दुसऱ्या दिवशीं आम्ही बुलढाणा जिल्ह्यांत उतरलों. तेथें पूर्णेस खडकपूर्णा म्हणतात. देऊळगांव महीजवळ तिच्यावर धरण आहे आणि त्याच्या जलाशयास संत चोखामेळा सागर असें नांव आहे. तें मागें टाकून आम्ही परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत येलदरीस पोहोंचलों. येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याची भिंत ४,२३२ मीटर लांब आणि ५१ मीटरांहून थोडी अधिक उंच आहे. पायथ्याशीं वीजगृह आहे. त्यांत साडेसात मेगावॉटांचे तीन संच, म्हणजे एकंदर साडेबावीस मेगावॉट. वीज केल्यानंतर पाणी वायां जात नाहीं. खालच्या बाजूस हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर धरण तें अडवितें आणि तेथून कालव्यांनीं तें शेतांस मिळतें. हा लाभ लहान नव्हे. मराठवाड्यांतील कोळशाच्या विजेलाहि पाणी लागतेंच. २०१३ च्या दुष्काळांत परळीचें औष्णिक केंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें होतें, हें पुष्कळ वाचकांना आठवत असेल.

भिंतीकडे पाहत मेहुण्यांनीं चिरंजीवास विचारलें, “हें केंद्र मोठें कीं लहान?” तो हंसला. “मोठेंच कीं!” “सरकारी वहींत तें लहान आहे,” मेहुणे म्हणाले.

आणि तें खरेंच आहे. आपल्या देशांत २५ मेगावॉटांपर्यंतचें जलविद्युत् केंद्र लहान समजतात. चीनमध्यें ही मर्यादा ५० मेगावॉटांची, तर इतर अनेक देशांत १० मेगावॉटांची आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनेंहि २५ मेगावॉटांहून कमी शक्तीच्या जलविद्युत् प्रकल्पांस पर्यावरणाच्या पूर्वमंजुरीची अट घातलेली नाहीं. येलदरी त्या नियमाच्या किती तरी आधींची, आणि तिची भिंत मुख्यतः सिंचनासाठीं. तेव्हां तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र यंत्राच्या शक्तीवरून नदीचें नुकसान मोजतां येत नाहीं, एवढें ती चार किलोमीटरांची भिंत बजावून सांगते.

मग मोजावयाचें काय? त्या रात्रीं मुक्कामाच्या ठिकाणीं याच गोष्टीची चर्चा झाली. नदीबरोबर वाहणारा गाळ भिंतीमागें बसतो. खालीं सुटणारें निवळ पाणी मग आपलेंच पात्र व कांठ खरवडूं लागतें. पावसाळ्यांत कांहीं जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडीं घालतात. त्यांची वाट बंद होते आणि कांठच्या भोई मंडळींचें जाळें हलकें होतें. विजेची मागणी असेल त्या घटकेस पाणी सोडलें कीं नदी दिवसांतून चढते नि उतरते. साठा न करतां प्रवाह वळवून नळांतून वीजगृहास नेणारीं केंद्रें तर सर्वांत निरुपद्रवी मानलीं जातात. पण कर्नाटकांत, पश्चिम घाटांतल्या नेत्रावतीच्या खोऱ्यांत, बंधारा व वीजगृह यांमधील कोरड्या पडलेल्या पात्रांत पाणी अधिक तापलेलें आणि माशांच्या जाती कमी झालेल्या अभ्यासकांना आढळल्या.

यावर नियम नाहीं असें नाहीं. उन्हाळ्यांतील सरासरी प्रवाहाच्या निदान १५ ते २० टक्के पाणी नदींत राहूं द्यावें, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं दिला. हिमालयांतील बारमाही नदीस त्याचा आधार होईल. परंतु जिचा वैशाखांतील प्रवाह मुळांतच जवळ जवळ शून्य, तिच्या पदरीं शून्याचे वीस टक्केच पडणार! आमच्या पठारावरील नद्यांचें जीवन पावसाळ्याच्या पुरांवर चालतें. तेव्हां त्यांना किती पाणी ठेवावें, हें ऋतूऋतूंचें निरनिराळें ठरविलें पाहिजे.

आक्का इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “घरांत पांच सुना असाव्यात, आणि प्रत्येकीनें दुधांतून एकच पळी काढून घ्यावी. एकीचीहि चोरी दिसत नाहीं; पण रात्रीं विरजणाला दूध उरत नाहीं.” आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म या बोलण्यांत आलें. जो बंधारा एकटा पाहिला असतां निरुपद्रवी वाटतो, तो वरच्या व खालच्या सर्व बंधाऱ्यांबरोबर, सबंध नदीच्या हिशेबांत धरून पाहिला पाहिजे. मंजुरीची अट असो वा नसो, हा हिशेब काम सुरू होण्यापूर्वीं झाला पाहिजे; कारण मागाहून भिंत हलत नाहीं.

परतींच्या वाटेवर भाच्यानें वहीचीं दोन पानें समोरासमोर आंखलीं. जमेच्या बाजूस त्यानें लिहिलें, “वीज, सुमारें ४०० किलोवॉट, पावसाळ्यापुरती.” खर्चाच्या बाजूस गाळ, मासे, विहिरींची पातळी आणि प्रत्येक महिन्याचा प्रवाह अशीं सदरें घातलीं, त्यांपुढें मात्र एकहि आंकडा नव्हता. येत्या वैशाखांत आम्ही सर्व पुन्हां संगमावर जाण्याचें ठरविलें आहे. त्या दिवशीं पूर्णेंत मोजण्यापुरतें पाणी असो वा नसो, जें असेल तें त्या वहींत लिहावयाचें आहे.