मुक्तागिरीच्या पायरीवरचा फोटो



पावसाळा आला की जुन्या अल्बमला ओल धरते. म्हणून दरवर्षी श्रावणात एक दिवस मी सगळे अल्बम बाहेर काढते, कोरड्या कापडाने पुसते आणि पंख्याखाली उघडे ठेवते. यंदा नात मदतीला होती. ती मोबाईलवर एकेका फोटोचा फोटो काढत होती आणि मी कोण, कुठे, कधी ते सांगत होते. अमरावतीला आल्यापासूनच्या माझ्या सगळ्या तीर्थयात्रा त्यात आहेत. त्यातल्या तीन फोटोंबद्दल आज लिहिते.

पहिला फोटो मूर्तिजापूर स्टेशनचा, 1986 सालचा. माझ्या माहेरी अकोल्याला मार्गशीर्षात लग्न होतं. ते आटोपून सासूबाई, आमचे हे, दोन वर्षांचा मुलगा आणि मी मुक्तागिरीला निघालो. अमरावतीहून परतवाड्याची बस सोपी पडली असती, पण सासूबाईंना अचलपूरच्या शकुंतलेनेच जायचं होतं, कारण वाटेत अंजनगावला त्यांचं माहेर. अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली गाडी. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता तर ती बंदच आहे. शहात्तर किलोमीटरला चार तास लागायचे, तेही वेळेवर निघाली तर. फोटोत सासूबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून हसताहेत. अंजनगावला त्यांचा भाऊ पाच मिनिटांसाठी भेटायला येणार होता, त्याचा तो आनंद.

त्या दिवशी गाडी फार उशिरा निघाली. डब्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, गाळलेलं पाणी होतं. संध्याकाळी जेवू म्हणून ठेवलं आणि सूर्य वाटेतच मावळला. मुलाला दूध पाजलं. आम्ही तिघांनी तोंडात काही घातलं नाही. अंधारात धर्मशाळेत पोहोचलो आणि तसेच झोपलो.

दुसरा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा. मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर सासूबाई आणि मी उभ्या आहोत. आमच्या ह्यांच्या मित्राचा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातले नऊ लग्नात संपलेले. म्हणून एकदाच काढला, पुन्हा काढता आला नाही. मागे डोंगर आणि पांढरी शिखरं. बावन्न मंदिरं आहेत तिथे, आणि साडेतीन कोटी मुनी तिथून मोक्षाला गेले अशी आपली श्रद्धा. एवढ्या पवित्र जागी माझं तोंड मात्र फुगलेलं आहे. हा फोटो मी इतकी वर्षं दुसऱ्या एका फोटोच्या मागे सारून ठेवला होता. नातीने तो बरोबर ओढून काढला आणि विचारलं, "आजी, तू एवढी रागात का?"

भूक लागली होती, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मग तिने दुसरं विचारलं, "आणि तुझ्या हातात हे काय आहे?"

तेव्हा मी तिला खरं सांगितलं.

मी अकोल्याला बी.कॉम. झाले. तेव्हा अमरावती विद्यापीठ निघायचं होतं, ते 1983 साली झालं. माझी पदवी नागपूर विद्यापीठाची. लग्नानंतर मी बँकेच्या क्लार्कची लेखी परीक्षा दिली आणि पास झाले. मुलाखतीचं पत्र आलं ते या प्रवासाच्या महिनाभर आधी. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू लहान हाय, पुढं पाहू." आमचे हे काहीच बोलले नाहीत. मुलाखतीची तारीख निघून गेली. मी भांडले नाही, रडलेही नाही, पण सासूबाईंशी कामापुरतंच बोलायचं ठरवून टाकलं.

त्या सकाळी डोलीवाले मागे लागले होते. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. हे म्हणाले, बस डोलीत. त्या म्हणाल्या, "मानसाच्या खांद्यावर बसून मी देवाले जाऊ काय?" आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चढू लागल्या. अर्ध्या वाटेवर दम लागला, तशा थांबल्या. कमरेचा बटवा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तू हिसोबाची शिकेल हायेस. आजपासून घराचा पैसा तुह्यापाशी." आणि त्याच वेळी ह्यांनी फोटो काढला.

मला काय वाटलं असेल त्या क्षणी? बँकेतले पैसे मोजू दिले नाहीत, आता घरातले मोजा. आणखी एक काम डोक्यावर. फोटोत माझा चेहरा तेच सांगतो आहे.

त्या बटव्याची किंमत मला कळायला बरीच वर्षं लागली. सासूबाई जेमतेम चौथी शिकलेल्या. घरात सासऱ्यांसमोर त्यांना आवाज नव्हता. एक बटवा तेवढा त्यांचा होता. देवळातल्या बोलीला किती द्यायचे, नणंदेच्या घरी काय पाठवायचं, हे तेवढं त्यांच्या हातात होतं. तेच त्यांनी मला दिलं. पुढे कधी त्यांनी हिशोब मागितला नाही. स्वतःला देवदर्शनाला रिक्षाचे पैसे लागले तरी माझ्याकडे मागायच्या.

त्यांनी मला नोकरी करू द्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. बटवा मिळाला म्हणून ते दुःख गेलं नाही. पण त्यांच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते त्यांनी दिलं, हेही खरं आहे. नातीला मी दोन्ही सांगितलं.

तिसरा फोटो शिरपूरचा, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरासमोरचा. शिरपूर तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, वाशिम जिल्हा 1998 साली झाला. दोन आम्नायांच्या वादात 1981 पासून मंदिराला कुलूप होतं आणि झरोक्यातूनच दर्शन व्हायचं. आत फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. बाहेर सासूबाई पदर सावरत उभ्या आहेत, डोळे ओले. कोणीतरी बाजूला वादाबद्दल तावातावाने बोलत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरचंच भांडन हाय हे. देव थोडाच भांडते?" 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दार उघडलं. ते पाहायला सासूबाई नव्हत्या. 2001 सालीच त्या गेल्या.

घरच्या भांडणाबद्दल त्या बोलल्या तेव्हा मी शेजारीच उभी होते. आमचं भांडण तर कोणाला दिसलंही नव्हतं. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मी त्यांच्या पाया पडून क्षमा मागत असे. त्याही मागायच्या. पण मुलाखतीचं नाव दोघींनीही कधी काढलं नाही. मनात काय आहे ते न सांगता नुसती क्षमा मागितली, की ती ओठावरच राहते. कितीतरी वेळा मी अशी क्षमा मागितली असेल.

मैत्रिणींनो, तुमच्याही अल्बममध्ये असा एखादा लपवलेला फोटो असेल. तो बाहेर काढा. मऊ पेन्सिलीने मागे नाव, गाव, साल लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि त्या फोटोतलं माणूस अजून असेल, तर यंदाच्या क्षमावाणीला तो फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा.

माझ्या फोटोच्या मागे मी लिहिलं आहे: मुक्तागिरी, 1986. सासूबाई आणि मी. हातात त्यांचा बटवा.

तो फोटो आता अल्बममध्ये पहिल्या पानावर आहे.

उत्तम क्षमा.