गोदामात आहे, पोर्टलवर नाही

काट्यावर चढलेलं, मोजून झालेलं, हमालांनी गोदामात थप्पी लावून ठेवलेलं धान विकलं गेलेलं नसतं, हे मला 2022च्या उन्हाळी हंगामात कळलं. अजून ते डोक्यातून जात नाही. माझी नोकरी नागपूरला, एका वितरण कंपनीच्या गोदामात मालाच्या नोंदी सांभाळण्याची. बाबांच्या बाबतीत जे झालं ते माझ्याच धंद्यातलं होतं, म्हणून जरा जास्तच लागलं.

गाव आसगाव, तालुका पवनी. चौरास भागातलं. जमीन कसदार, बोअरचं पाणी, म्हणून खरिपाच्या जोडीला उन्हाळी धानही निघतं. ते आधारभूत केंद्रावर न्यायचं. सातबारा, आधार, पासबुक, ऑनलाइन नोंदणी, मग नंबराची वाट. इकडच्या कोणाला हे सांगायची गरज नाही. 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणीही आली. बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. बाबांना ते जमत नाही, भाचा काढून देतो.

त्या हंगामात सरकारने खरेदीला मर्यादा घालून दिली होती. ठरलेले क्विंटल भरले की खरेदी बंद. केंद्राचं नाव घेत नाही. बाबांचा नंबर लागला, ट्रॅक्टर गेला, ओलावा तपासला, काटा झाला. चाळीस किलोचे 96 कट्टे, म्हणजे 38 क्विंटल 40 किलो. वहीत नाव, कट्टे, वजन, सगळं लिहिलं गेलं. हमाली बाबांनी रोख दिली. पावती मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "सर्व्हर डाऊन आहे मामाजी, एन्ट्री रात्री मारतो. पावती उद्या घेऊन जा."

उद्या गेले तर नेट नाही. परवा गेले तर ऑपरेटर जेवायला गेलेला. त्यानंतर गेले तर मर्यादा संपली होती आणि पोर्टल बंद.

मी सुट्टी टाकून गावी आलो आणि बाबांसोबत केंद्रावर गेलो. आमचे कट्टे शटरच्या आत भिंतीलगतच्या थप्पीत होते. बाबांनी सुतळीच्या गाठीवरून ओळखले; शेवटची गाठ ते नेहमी दुहेरी मारतात. ऑपरेटर पोरगा मुजोर नव्हता, उलट ओशाळलेला होता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. बाबांच्या नावासमोर नोंदणी होती, क्षेत्र होतं, खाते क्रमांक होता. खरेदीच्या रकान्यात शून्य.

"धान त दिसून रायला ना जी तुमाले?" बाबा म्हणाले.

"दिसते मामाजी, पण पोर्टलवर नाही."

हे वाक्य त्याने अगदी सहज म्हटलं. आणि त्याचं बरोबरच होतं, हेच मला सहन होत नव्हतं. चुकारे पोर्टलवरच्या आकड्यावर निघतात, थप्पीवर नाही. वहीत लिहिलं होतं त्याला कागदाइतकीच किंमत.

आमच्या कंपनीत ट्रकमधून खोका उतरला की त्याच जागी त्याचा बारकोड वाचला जातो. वाचल्याशिवाय खोका शेल्फवर जातच नाही. मागणीचा कागद, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल, ही तिन्ही जुळली तरच पैसे सुटतात. व्यवस्थापनाच्या वर्गात आम्हाला माहिती प्रणालीचे फायदे मुद्द्यांत पाठ करून घेतले होते: अचूकता, वेग, पारदर्शकता. मुद्दा खरा एवढाच आहे की माल आणि नोंद एका वेळी हलली पाहिजे. त्या दोघांत एका रात्रीची फट पडली, तरी त्या फटीत कोणीही हात घालू शकतो.

आणि घातला. आमच्या नंतर काटा झालेल्या काहींची नोंद चढली होती. कोणाची ते मला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. एकाच्या बांधीत त्या उन्हाळ्यात धान नव्हतंच, फक्त सातबारा होता. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याने आपला माल खपवायचा हा खेळ आमच्याकडे नवा नाही. पूर्वी तो वहीत चालायचा, आता पोर्टलवर चालतो. संगणकाला कोणी लाच देत नाही, हे खरं आहे. पण कोणाचं नाव आधी टंकायचं आणि कोणाचं रात्रीवर ढकलायचं, हे संगणक ठरवत नाही. मी ऑपरेटरला विचारलं, नोंदी कोणत्या क्रमाने मारता? तो म्हणाला, "सायेब सांगतील तशा." साहेब त्या दिवशी भंडाऱ्याला मीटिंगला गेलेले.

पोर्टल पुन्हा उघडेल म्हणून काही दिवस थांबलो. आभाळ भरून यायला लागलं, गोदामाच्या पत्र्याला भोकं होती आणि मृग सुरू झाला तशी बाबांना परह्याची घाई सुटली. शेवटी 96 कट्टे परत ट्रॅक्टरवर चढवले. चढवायची हमाली पुन्हा आम्हीच दिली. हमीभाव होता 1940, व्यापाऱ्याने दिले 1400. क्विंटलमागे 540 रुपये, हिशेब केला तर वीस हजारांवर गेले. त्या व्यापाऱ्याकडे संगणक नव्हता. त्याने काटा केला, त्याच जागी नोटा मोजल्या. मी तेव्हा रागाने बोलून गेलो की यापेक्षा जुनी अडत बरी होती.

बाबांनी मला तिथेच गप्प केलं. अडत त्यांनी पाहिलेली, मी नाही. कोऱ्या चिठ्ठीवर अंगठा, वजनात कडता, आगाऊ दिलेल्या पैशांचं व्याज धानातून कापून घ्यायचं आणि दिवाळीच्या तोंडावर भाव पाडायचा. पोर्टल असलं तर निदान आपलं नाव त्यात असतं, असं ते म्हणाले. मला तेव्हा ते भाबडं वाटलं. पण त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात धानाला हेक्टरी 15,000 रुपये बोनस, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाला आणि नोंदणी असल्यामुळे ते पैसे बाबांच्या खात्यात थेट आले. मधे कोणी नाही, टक्का नाही, चहापाणी नाही. पुढच्या वर्षी ते हेक्टरी 20,000 झाले. म्हणजे ज्या यंत्रणेने वीस हजार घालवले तिनेच पुढे ते भरून दिले. राग मात्र काही त्याने फिटत नाही. एक हक्काचे होते, दुसरे सरकारने दिले म्हणून आले.

पणन महासंघाच्या वतीने चालणारी केंद्रं असोत की आदिवासी विकास महामंडळाची, मागणी एकच करावीशी वाटते: काट्याची जोडणी थेट पोर्टलला द्या. वजन पडलं की नोंद, नोंद झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश. नेट नसेल तर यंत्राने ती नोंद वेळेसकट साठवावी आणि नेट आल्यावर त्याच क्रमाने चढवावी. पेट्रोल पंपावरचं कार्ड घासायचं यंत्रही जागेवर पावती देतं, तर धानाला कोणती अडचण आहे? आणि तोवर, धानवाल्यांनो, काटा झाल्यावर ऑनलाइन पावती हातात पडेपर्यंत आपले कट्टे थप्पीला लावू देऊ नका. उद्या या म्हणाले तर ट्रॅक्टर तिथेच उभा ठेवा.