आलेली गाडी

बँकेच्या फॉर्मवर अण्णांच्या नावाआधी 'डिसीज्ड' छापलेलं होतं. मी मुकाट्यानं सही केली, पण डोक्यात व्याकरण सुरू झालं. क्रियापदाच्या मागे ईडी लागली (व्याकरणातली), ते नामाच्या पुढ्यात जाऊन बसलं, की झालं माणसाचं विशेषण.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून गाड्या पुकारायचे आणि रात्रपाळीला तर्खडकरांच्या पाठमालेतून इंग्रजी शिकायचे. मी एम.ए.ला इंग्रजी घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न लावून धरला. गळलेलं पान 'फॉलन लीफ', मग फलाटाला लागलेली गाडी 'अराइव्ड बस' का नाही? मी सांगायचे, तसं म्हणत नाहीत. 'न्यूली अराइव्ड' मात्र चालतं. "म्हणजे सोबतीला कुणीतरी हवं," अण्णा म्हणायचे. "आणि डिपार्टेड?" ते एकटंही चालतं, पण गाडीला नव्हे, गेलेल्या माणसाला.

मराठीत ही भानगड नाही. 'काल रात्री उशिरा आलेली, पुढची काच तडकलेली सोलापूर गाडी' अशी अख्खी हकिकत आपण नामाआधी बसवतो. इंग्रजीत हकिकत लांबली की ती नामामागे जाते.

इंग्रज चित्रकार टर्नरनं 1839 मध्ये एक चित्र मांडलं. त्याच्या शीर्षकात जहाजाआधी 'फायटिंग' आहे : 'द फायटिंग टेमेरेअर'. ते मोडीत काढायला ओढून नेलं जातंय, हे लांबलचक शेपूट नावामागे. 1805 साली ट्राफल्गरला लढलेलं हे जहाज 1838 मध्ये रॉदरहाइथच्या जहाजतोड्याकडे चाललं होतं. डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या. टर्नरनं त्या पुन्हा उभ्या केल्या. चित्र त्यानं विकलं नाही. लढून तेहतीस वर्षं झाली तरी 'फायटिंग'! आणि अण्णांना नोकरी सुटल्याच्या आठवड्यात सगळे 'रिटायर्ड' म्हणायला लागले. त्या शब्दावर माझा अजून राग आहे.

अण्णांच्या नावाआधी मी काय लावलं असतं? 'वेटिंग' सुचलं होतं. पण त्या शब्दावरून आमचं एकदा वाजलेलं. 'वेटिंग रूम'मधलं 'वेटिंग' वेगळं, खोली काही वाट पाहत नाही, ती वाट पाहण्यासाठीची खोली, असं मी पुस्तकी थाटात समजावत होते.

"रात्री अडीचला स्टँडवर ये," अण्णा म्हणाले, "शेवटची गाडी रद्द झालेली असताना. मग सांग, पाहते का नाही ते."