दोन रकाने

‘दर्पण’ पत्राच्या अंकाचें छायाचित्र मीं एका पुस्तकांत पाहिलें, तेव्हां मजकुराआधीं दृष्टि खिळली ती त्याच्या रकान्यांवर. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत सुरू केलेल्या त्या पत्रांत एका रकान्यांत इंग्रजी, तर शेजारच्या रकान्यांत मराठी मजकूर असे. दोन भाषांचे वाचक जणूं एकाच पंक्तीस बसविलेले!

शाळेच्या वार्तापत्राची जुळणी मजकडे आली, तेव्हां मीं हाच बेत धरिला. कागदावर तो शोभला. संकेतस्थळावर मात्र निराळेंच झालें. मोबाईलचा पडदा अरुंद. तेथें रकाने शेजारीं न राहतां एकाखालीं एक घसरले, आणि लांबलचक इंग्रजीच्या तळाशीं मराठी दडली. माझा पहिलाच लेख त्यांत होता. बाबा बराच वेळ बोट फिरवीत राहिले. मग “हें आमच्यासाठीं दिसत नाहीं,” असें म्हणून त्यांनीं मोबाईल खालीं ठेविला. माझा चेहरा उतरला.

पुढील अंकीं मराठी वर घेतली, तों इंग्रजी वाचणारे पालक रुसले. (पंक्तींत आधीं वाढावें कोणास, हा तंटा जुनाच!)

बाबांनीं मात्र छापील अंक मागून घेतला. माझा लेख वाचतां वाचतां त्यांचें बोट शेजारच्या रकान्यावर गेलें, आणि “ह्या शब्दाला इंग्रजींत हेंच म्हणतात काय रे?” असें ते मला विचारूं लागले.